झाडे किती लावायची हे मे महिन्याला विचारावे: नागपूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी वृक्षोत्सवाचे मार्गदर्शन

५ जून हा जागतिक पर्यावरण दिन असल्यामुळे त्याच्या जवळच्या रविवारी उपासना आटोपल्यावर चर्चच्या आवारात रोपे लावण्याची प्रथा बऱ्याच मंडळ्यांत पडली आहे. नागपुरात ही तारीख प्रार्थनेसाठी चांगली आणि रोपणासाठी वाईट आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच संपलेला असतो, जमीन अजून तापलेली असते आणि मोसमी पाऊस येथे साधारणपणे जूनच्या मध्यावर पोहोचतो, तोही पहिल्या सरीनंतर अनेकदा दडी मारतो. त्या दिवशी लावलेले रोप पुढचे दोन आठवडे केवळ बादलीच्या पाण्यावर जगते किंवा जगत नाही. म्हणून मंडळीने वृक्षोत्सव आखताना एका रविवारचा कार्यक्रम न आखता वर्षभराची उपासना झाडाच्या वेळापत्रकाला जोडून घ्यावी, अशी या मार्गदर्शनाची भूमिका आहे. चर्चच्या वर्षात त्यासाठी लागणारे सगळे प्रसंग आधीपासूनच आहेत. ते केवळ योग्य महिन्याशी जुळवायचे आहेत.

आधी पाण्याचा हिशोब, मग रोपांची संख्या

नियोजनाची पहिली बैठक फेब्रुवारीत घ्यावी आणि तिच्यात पहिला प्रश्न असा विचारावा की, येत्या वर्षी मे महिन्यात आपल्याकडे किती पाणी असेल. जुलैत हौस भरपूर असते आणि रोपेही सहज मिळतात, त्यामुळे आकडा नेहमी मोठा ठरतो. पहिल्या उन्हाळ्यात एका लहान रोपाला आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येक वेळी दहा ते पंधरा लिटर पाणी द्यावे लागते. पंचवीस रोपे लावली, तर आठवड्याला साडेसातशे लिटरपर्यंत पाणी लागेल. आवारात विहीर किंवा बोअर असेल, तर तिचे पाणी मेअखेर टिकते का, हे जुन्या सभासदांना विचारावे. केवळ नळावर भिस्त असेल, तर पाणीकपातीच्या दिवसांचाही विचार करावा. हिशोब बारा रोपांचा निघाला, तर बाराच रोपे लावावीत. शंभर रोपांचा फलक लावून पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत पुन्हा शंभर रोपे लावणाऱ्या संस्था आपल्या शहरात कमी नाहीत, आणि मंडळीने त्यांच्यात भर घालण्याचे कारण नाही.

घरोघरच्या कूलरचे पाणी झाडांना घालण्याची सूचना अशा बैठकीत हमखास येते. कूलरच्या टाकीतले पाणी दिवसभर उडत राहते आणि त्यातील क्षार तळाशी उरलेल्या पाण्यात साठतात. टाकीच्या कडेला पांढरा थर बसतो तो त्याचाच. असे पाणी क्वचित, वेगवेगळ्या मोठ्या झाडांना घातले तर चालते, पण रोज एकाच रोपाच्या आळ्यात ओतले तर काळ्या मातीत क्षार वाढून रोप करपते. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यालाही हेच लागू आहे. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी मात्र निर्धास्तपणे वापरावे.

याच बैठकीत आवारातल्या जुन्या झाडांची पाहणी ठरवावी, कारण नवे रोप लावण्यापेक्षा उभे असलेले झाड वाचवणे अधिक मोलाचे आहे. वाहनतळासाठी गट्टू बसवताना बुंध्यापर्यंत सिमेंट आले असेल, तर बुंध्याभोवती चारही बाजूंनी किमान एक मीटर जागा मोकळी करावी. नाताळच्या ताऱ्यासाठी ठोकलेले खिळे आणि सालीत रुतलेल्या तारा काढाव्यात. पुढच्या डिसेंबरात रोषणाई सुती दोरीने बांधावी. नवीन सभागृहासाठी झाड तोडण्याची वेळ आली, तर १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमानुसार शहरी भागात पूर्वपरवानगी बंधनकारक आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, हे बांधकाम समितीला वेळेवर सांगावे. वेढा घातलेल्या नगराचीसुद्धा फळझाडे तोडू नयेत, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे; नकाशावर चर्चा करण्यापूर्वी तो उतारा वाचून घेतला, तर बैठकीचा सूर बदलू शकतो.

खड्डे: उपवासकाळ ते नवतपा

पुनरुत्थानाच्या सणाआधीचा (ईस्टरआधीचा) चाळीस दिवसांचा उपवासकाळ नागपुरात पळस फुललेला असताना येतो. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधील रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या, मुलांना या दिवसांत कोणते झाड केव्हा फुलते, केव्हा पाने गाळते, याची नोंद करायला लावावी. पळस, मोह, कडुनिंब आणि त्यानंतर बहावा हा क्रम त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि पुढे कोणती झाडे लावायची या चर्चेत मग मुलांनाही काही बोलता येते. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या झावळ्यांच्या रविवारासाठी फांद्या आणताना एकाच शिंदीचे झाड ओरबाडले जाणार नाही, हे पाहावे.

खड्डे एप्रिल आणि मे महिन्यांत खणावेत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा बहुतेक झाडांना पुरतो. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला ठेवावी, आणि खड्डा निदान तीन आठवडे उन्हात तापू द्यावा, म्हणजे किडींची अंडी व तणांची मुळे मरतात. खणलेल्या खड्ड्यात मूल पडू नये म्हणून त्यावर जुनी फळी ठेवावी. जून लागताच वरची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड एकत्र करून खड्डा भरावा. कच्चे शेण कधीही घालू नये. ते मुळांना पोळते आणि वाळवीला आमंत्रण देते.

जमीन कशी आहे, हे येथे फार महत्त्वाचे ठरते. शहराच्या बऱ्याच भागात खोल काळी माती आहे, तर सेमिनरी हिल्ससारख्या टेकड्यांवर हातभर खालीच मुरूम लागतो. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात, म्हणून तेथे रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंचवट्यावर लावावे. मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही, म्हणून तेथे उलट आळे खोलगट ठेवावे आणि खड्डा भरण्यासाठी बाहेरून चांगली माती आणावी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. यावर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन हाच सोपा उपाय आहे. झाडलोट करून पाने जाळण्याची चर्चच्या आवारातली सवय त्या निमित्ताने सुटली तर फार उत्तम.

कोणती झाडे

मोठे आवार असेल तर कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच आणि अर्जुन ही झाडे येथील उन्हात टिकतात. अर्जुनाला ओलाव्याची जागा द्यावी. मध्यम जागेत बहावा, आवळा, बेल, बकुळ, कदंब, आपटा आणि ताम्हण यांचा विचार करावा. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असले, तरी नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला पाणी अधिक लागते, हे लक्षात ठेवावे. मंडळीच्या स्वयंपाकघराला उपयोगी म्हणून कढीपत्ता, शेवगा आणि सीताफळ कुंपणाजवळ लावावे. संत्र्याचे कलम लावण्याचा मोह नागपुरात प्रत्येकाला होतो. परंतु ते निगुतीने सांभाळावे लागते, खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाला लवकर बळी पडते आणि पाणी साचणारी जमीन त्याला मुळीच चालत नाही. मंडळीत संत्र्याची बाग कसलेला कोणी सभासद असेल, तरच त्याच्या देखरेखीखाली एक-दोन कलमे लावावीत.

वड, पिंपळ आणि उंबर ही पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत उदार झाडे आहेत, पण इमारतीजवळ किंवा दफनभूमीत ती लावू नयेत, कारण त्यांची मुळे भिंती आणि कबरी उचकटतात. दफनभूमीत बहावा किंवा बकुळ शोभते. सुबाभूळ, निलगिरी आणि अलीकडे झटपट हिरवळीसाठी विकले जाणारे कोनोकार्पस टाळावे. ख्रिसमस ट्री म्हणून मिळणारी अरौकारिया कुंडीत सावलीत ठेवायची असेल तर ठेवावी. तिला वृक्षारोपणात मोजू नये.

रोप निवडताना उंचीला भुलू नये. पिशवीच्या तळाशी मुळे गोल गोल गुंडाळलेली असतील, तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेले आहे आणि जमिनीत गेल्यावरही त्याची मुळे तशीच फिरत राहण्याची शक्यता असते. दीड-दोन वर्षांचे, पेन्सिलीपेक्षा जाड बुंध्याचे आणि चार-पाच फूट उंचीचे रोप बकरी व तण या दोघांपुढेही टिकाव धरते. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत स्थानिक जातींची रोपे मिळू शकतात, पण मागणी आधी नोंदवावी. आवाराबाहेर रस्त्याकडेला किंवा मैदानात लावायचे असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी आणि विजेच्या तारा व जलवाहिन्या कोठून गेल्या आहेत, हे विचारून घ्यावे.

जूनची प्रार्थना आणि जुलैचे रोपण

५ जूनच्या जवळच्या रविवारी उपासनेत मातीसाठी आणि पावसासाठी प्रार्थना करावी, भरलेल्या खड्ड्यांपर्यंत फेरी काढावी आणि कोणत्या कुटुंबाकडे कोणते रोप, हे जाहीर करावे. रोपण मात्र आर्द्रा किंवा पुनर्वसू नक्षत्रात, म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत, दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीला वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर, करावे. तारीख दोन महिने आधी छापून टाकण्यापेक्षा जुलैतले दोन रविवार राखून ठेवावेत आणि पाऊस पाहून त्यांतला एक निश्चित करावा. पाहुण्यांना हे गैरसोयीचे वाटते. रोपांना सोयीचे असते.

या उपासनेचे स्वरूप मंडळीच्या परंपरेप्रमाणे वेगळे राहील. कॅथलिक धर्मग्रामात ते मिस्साबलिदानाच्या चौकटीत बसवावे लागेल आणि त्या दिवशीची नेमलेली वाचने फादरच ठरवतील. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना अधिक मोकळीक असते. वाचनांसाठी उतारे भरपूर आहेत आणि म्हणूनच निवड नेटकी हवी. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेची मशागत व राखण करण्यासाठी ठेवले आहे. त्याच पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अब्राहाम बैर-शेबा येथे झाड लावतो आणि तेथेच परमेश्वराच्या नावाने प्रार्थना करतो. स्तोत्र १०४ पूर्ण वाचावे. पाणी, गवत, पक्ष्यांची घरटी आणि सिंहाची पिल्ले या सर्वांची नोंद त्यात इतकी बारकाईने आली आहे, की तुकड्यांत वाचले तर त्याची गंमत जाते. मंडळीने ते दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणावे. शुभवर्तमानासाठी बहुतेक जण मोहरीच्या दाण्याचा दाखला निवडतात. मला लूकच्या तेराव्या अध्यायातला निष्फळ अंजिराचा दाखला अधिक योग्य वाटतो, कारण त्यातला माळी मालकाला थांबवतो आणि आणखी एक वर्ष मागून घेतो, ते भोवती खणण्यासाठी आणि खत घालण्यासाठी. वृक्षारोपणाच्या दिवशी मंडळीला नेमके हेच ऐकवायचे असते.

पापकबुलीच्या प्रार्थनेत पृथ्वीचा नाश, मानवाचा लोभ असे ढोबळ शब्द वापरल्यास प्रत्येकाला ते दुसऱ्याविषयी आहेत असे वाटते. त्याऐवजी नाग नदीत गेलेले सांडपाणी, प्रीतिभोजनानंतर उरलेली थर्माकोलची ताटे, जाळलेला पाला, अशा आपल्या हातून घडलेल्या गोष्टींची नावे घ्यावीत. अर्पणाच्या वेळी पैशांबरोबर माती, पाणी आणि रोपे वेदीजवळ आणावीत. माती वेगवेगळ्या वस्त्यांतून आणायला सांगितली, तर एका परातीत काळी, तांबूस आणि मुरमाड माती एकत्र दिसते, आणि कोणाच्या घराजवळ काय उगवेल याची चर्चा तेथेच सुरू होते. वेदीच्या पायरीवर ओल्या पिशव्यांखाली गोणपाट अंथरावे. हे किरकोळ वाटले तरी चर्चची साफसफाई करणाऱ्यांना ते किरकोळ नसते.

प्रवचनात स्थानिक संदर्भ आणायचा असेल, तर स्टीफन हिस्लॉप यांच्याइतका समर्पक नाही. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. शिक्षणाबरोबरच त्यांनी या परिसरातील खडक आणि जीवाश्म यांचा अभ्यास केला, आणि १८८३ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले. कामठीच्या वालुकाश्मांत सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या पानांचे ठसे सापडतात. सुवार्ता सांगायला आलेला मनुष्य याच जमिनीतील दगडांवर पाने शोधत फिरत होता, ही गोष्ट सांगितली की कॉलेजातल्या मुलांसाठी प्रवचनाला वेगळ्या सुरुवातीची गरज उरत नाही.

काही ज्येष्ठ सभासदांना या सगळ्यात वृक्षपूजेची छाया दिसते, विशेषतः वटपौर्णिमा त्याच सुमारास येत असल्यामुळे. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. प्रार्थना निर्मात्याला उद्देशून आहे, हे शब्दांत स्पष्ट असावे. रोपाला संबोधून आशीर्वाद म्हणण्याऐवजी रोपासाठी आणि ते सांभाळणाऱ्यांसाठी देवाकडे मागणे मागावे. स्तोत्र १४८ मध्ये फळझाडे आणि गंधसरू हे स्वतःच परमेश्वराचे स्तवन करणाऱ्यांच्या रांगेत उभे आहेत, एवढा आधार पुरेसा आहे.

आशीर्वादानंतर फेरी निघावी आणि प्रत्येक खड्ड्यापाशी एकच कुटुंब व एक जाणता माणूस राहील, अशी व्यवस्था असावी. पिशवी ब्लेडने उभी कापून पूर्ण काढावी. मातीचा गोळा फुटू देऊ नये. रोप पिशवीत होते तितक्याच खोलीवर लावावे, माती पायाने हलकेच दाबावी, बांबूची काठी वाऱ्याच्या बाजूने रोवून सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधावी. सर्व पिशव्या एका पोत्यात मोजून गोळा कराव्यात: जितकी रोपे तितक्या पिशव्या भरल्या नाहीत, तर एखादी रोपाबरोबर जमिनीत गेली आहे. एकाच रोपाला दहा हात लावून छायाचित्र काढण्याचा प्रकार टाळलेला बरा. त्यात मुळे हलतात आणि मुलांना माती उकरायला मिळत नाही.

शेजाऱ्यांना जरूर बोलवावे. नागपुरात चर्चच्या भिंतीपलीकडे बौद्ध, हिंदू, मुस्लिम अशी सर्व घरे असतात, आणि सार्वजनिक रस्त्यावर झाडे लावायची असतील तर उन्हाळ्यात पाणी घालणारे हात बहुधा तेच असतात. हा भाग उपासनेपासून वेगळा, आवाराबाहेर आणि प्रवचनाविना ठेवावा. ट्रीगार्डवर वचन रंगवू नये. झाडाचे मराठी नाव लिहावे.

सप्टेंबरपासून पुढच्या मेपर्यंत

१ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स कुलपतींनी सुचवला आणि २०१५ मध्ये कॅथलिक चर्चनेही स्वीकारला. तेथपासून ४ ऑक्टोबरच्या असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंतचा काळ अनेक मंडळ्या सृष्टीचा काळ म्हणून पाळतात. आपल्याकडे हेच निंदणाचे दिवस आहेत. या काळात एक रविवार खुरपे घेऊन आवारात घालवावा, वाढलेले गवत काढावे, काठ्या सरळ कराव्यात आणि पहिली मोजणी करावी.

मोजणीसाठी नोंदवही हवी. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी चर्च पिढ्यानपिढ्या शिस्तीने ठेवत आले आहे. त्याच शिस्तीने वृक्षांची वही ठेवावी. तिच्यात क्रमांक, जात, जागा, लावल्याची तारीख, सांभाळणारे कुटुंब आणि दर तीन महिन्यांची स्थिती असावी. मेलेल्या रोपापुढे कारणही लिहावे: बकरी, वाळवी, पाणी साचणे, पाणी न मिळणे. दोन वर्षांनी हीच नोंद सांगते की, तुमच्या आवारात नेमके काय चुकते.

दिवंगतांच्या स्मरणार्थ झाड लावण्याची इच्छा २ नोव्हेंबरच्या सुमारास, मृतांच्या स्मरणदिनी, बोलून दाखवली जाते. तिचा आदर करावा, परंतु एका नावाला एकच रोप जोडू नये. ते रोप मेले तर कुटुंबाला दुसऱ्यांदा दुःख होते. पाच-सहा झाडांचा एक गट आणि त्याच्या कडेला त्या वर्षीच्या सर्व दिवंगतांची नावे असलेली एक शिला, ही व्यवस्था अधिक टिकाऊ आहे.

खरी कसोटी फेब्रुवारीपासून लागते आणि योगायोगाने तोच उपवासकाळ असतो. या चाळीस दिवसांत एखादा पदार्थ सोडणाऱ्या सभासदांना आठवड्यातून दोन पहाटे एका रोपाला पाणी घालण्याचे व्रतही सुचवता येईल. पाळ्यांची यादी उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, दाराशी लावावी आणि ती पुनरुत्थानाच्या सणाला न संपवता पाऊस येईपर्यंत चालू ठेवावी, कारण झाडांचा कठीण काळ सण झाल्यावरच सुरू होतो. सुट्टीत गावी जाणाऱ्या कुटुंबांची नावे आधीच विचारून घ्यावीत. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे, आणि रोज थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा आळे भरून द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात.

मनुष्यबळ कमी असेल तर मडका सिंचन करावे. बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून झाकण ठेवावे. घरातला जुना, पाणी गार न करणारा माठ आणून देणारे बरेच निघतात. पण ज्या सूक्ष्म छिद्रांमुळे माठ गार करतो ती बुजल्यामुळेच तो निकामी झालेला असतो, आणि तीच छिद्रे येथेही लागतात. असा माठ वापरायचाच असेल, तर तळाशी बारीक छिद्र पाडून त्यातून सुती कापडाची वात ओवावी.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत नवीन खड्डे खणण्याआधी नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भराव्यात. जी जात दोनदा मेली ती तिसऱ्यांदा लावू नये, त्या जागी दुसरी निवडावी. बायबलमधील ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात नव्या फळझाडाची फळे तीन वर्षे खाऊ नयेत, चौथ्या वर्षीची परमेश्वराला अर्पण करावीत आणि पाचव्या वर्षी खावीत, असा नियम आहे. सीताफळ किंवा आवळ्याच्या कलमाला तो चांगला लागू पडतो. चौथ्या वर्षी कापणीच्या सणाला त्या फळांची टोपली वेदीजवळ यावी, अशी नोंद वहीच्या पहिल्या पानावरच करून ठेवावी आणि समिती बदलली की वार्षिक सभेत ही वही हिशोबाच्या कागदांबरोबर नव्या समितीकडे सोपवावी.